कोणत्या नाक्यावरून?

परवा रात्री टेक्सासहून एका कॉलेजमित्राचा फोन आला. साहेब ऑनसाइट आहेत. तिघं-चौघं मिळून आरव्ही भाड्यानं घेणार आणि मेक्सिकोत फिरून येणार असा बेत. आरव्ही म्हणजे मिनी ट्रॅव्हल्सएवढी गाडी, आत बेड आणि किचनसकट. प्रश्न एकच, सीमा ओलांडायची कुठून? लरेडोला रिओ ग्रांदे नदी आहे आणि तिच्यावर एकाहून जास्त पूल. शहरातल्या पुलावर गर्दी, बाहेरचा कोलंबिया पूल लांब पडतो. त्यात गंमत अशी, की मेक्सिको आरव्हीला १० वर्षांचा परवाना देतं आणि आत बसलेल्या माणसाला जास्तीत जास्त १८० दिवस!

"जाणं सोपं आहे रे," तो शेवटी म्हणाला. "व्हिसाची भानगड आहे ना, परत येताना अडवलं तर?"

मी म्हटलं, आमच्या आजीला विचारून सांगतो. तो हसला. पण मी खरंच सांगत होतो.

आमचं गाव आसेगाव, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशिम. आजी तिथंच असते. दिवाळीला पुण्याहून गाडीनं गेलो, की पाणी द्यायच्याही आधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोन्या रस्त्यानं आला रे बापू?" आधी मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी विचारायचं म्हणून विचारतं. तसं नाहीये ते.

आजीचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. सासरी तिला कित्येक वर्षं 'मोगलाईतली' म्हणत. मोगलाई म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. मधे नदी.

ही सीमा आली कुठून? निजामाच्या नावानं इंग्रज एक फौज पोसत होते, हैदराबाद कंटिंजंट. तिची एक छावणी हिंगोलीला होती. फौजेचा खर्च थकत गेला आणि १८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०२ मध्ये कर्झननं ते कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये भाडं. म्हणजे बघा, १९४७ पर्यंत कागदोपत्री नदीच्या दोन्ही काठांचा मालक निजामच! म्हणून तर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. पण प्रत्यक्षात दोन वेगळे देश असल्यासारखंच होतं सगळं.

नाणं वेगळं. तिकडे हाली सिक्का चालायचा, ७ हाली रुपये म्हणजे इकडचे साधारण ६. सरकारी भाषा तिकडे उर्दू. टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. सालसुद्धा वेगळं, फसली. पणजोबांच्या एका पावतीवर १३५७ साल आहे. माझा चुलतभाऊ म्हणाला, अरे वा, आपलं घराणं ज्ञानेश्वरांच्या थोडंसंच नंतरचं! तर फसलीत साधारण ५९० मिळवायचे. १३५७ म्हणजे १९४७-४८. आपल्याकडे डेट फॉरमॅटचा बग येतो ना, तसंच.

आणि जकात. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. हद्दीतून माल आत आला की शेकडा ५, बाहेर गेला तरी साधारण तेवढेच. वाशिम-हिंगोली रस्त्यावर पैनगंगेजवळ जे गाव लागतं त्याचं नाव आजही कनेरगाव नाका. आजी त्याला 'करोडगिरीचा नाका' म्हणते. रेल्वेचं घ्या. पूर्णेहून निजामाची रेल्वे १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. अकोल्यापासून इंग्रजांची रेल्वे होती, मधे वाशिम कोरडंच! हा तुकडा जोडायला स्वातंत्र्य यावं लागलं.

आता सीमा ओलांडायची कुठून, हा प्रश्न. नाका असतो रस्त्यावर, आणि नदी तर सगळीकडेच असते. पावसाळ्यात पैनगंगा भरून वाहते, मग रस्त्याशिवाय गत्यंतर नाही. उन्हाळ्यात मात्र पात्रात वाळू आणि मधेमधे डोह, बैलगाडी कुठूनही उतरते. म्हणजे ही हद्द वर्षातले चार महिने पक्की आणि उरलेले आठ महिने बरीचशी नावापुरती. आजीच्या लहानपणी लग्नाची वऱ्हाडं, बाजारहाट, सगळं असंच चालायचं. ज्याच्याकडे माल जास्त तो नाक्यावरून जाई आणि पावती घेई. बाकीचे उतारानं.

१९४८ च्या उन्हाळ्यात आजी १० वर्षांची होती. कासिम रझवीच्या रझाकारांची दहशत वाढत होती. दुसऱ्या बाजूनं स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे लोक वऱ्हाडातून, उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प लावून काम करत होते. म्हणजे नाक्यावर आता प्रश्न मालाचा राहिला नव्हता, माणसाचा झाला होता. तू कुठून आलास, कुणाकडे चाललास, परत कधी येणार? पणजोबांनी बायकोपोरांना वऱ्हाडात नातेवाइकांकडे पोचवायचं ठरवलं. भांडीकुंडी, बियाणं आणि एक गाय घेऊन नाक्यावरूनच जायचं असा विचार होता, कारण पणजोबा सरळमार्गी माणूस. पावती असली की परत येताना कुणी अडवणार नाही, हे त्यांचं गणित.

आदल्या संध्याकाळी नाक्यावरचा एक शिपाई घरी आला. मुसलमान होता, पणजोबांच्या ओळखीचा. ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, उद्या नाक्यावरून जाऊ नका, खालच्या उतारानं जा, आणि पहाटे जा. इतकंच. ते पहाटे उतारानं गेले. नाक्यावर त्या दिवशी काय झालं असतं, हे कुणालाच माहीत नाही. कदाचित काहीच नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. शाळेत आपण इथवरच शिकतो. पुढचं आपल्या पुस्तकात फारसं नसतं. त्यानंतर मराठवाड्यात आणि आजूबाजूला मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

पणजोबा दिवाळीच्या सुमारास परत गेले. घर होतं, शेत होतं. शिपायाच्या घराला कुलूपही नव्हतं, दार नुसतं लोटलेलं. पणजोबांनी चारदा चौकशी केली, पाचव्यांदा केली नाही. एवढं सांगून आजी दरवेळी गप्प होते आणि मला चहा टाकायला लावते.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि ती हद्द संपली. आता जालन्याहून समृद्धीवर चढलो, की सिंदखेडराजाच्या बाजूनं १२० च्या स्पीडला आपण मोगलाईतून वऱ्हाडात येतो, गाणं बदलायलाही वेळ मिळत नाही. शेलूबाजारला उतरलं की घर आलंच. दुसरा रस्ता जिंतूर, औंढा, हिंगोली, कनेरगाव नाका असा. उशीर होतो, खड्डे मोजावे लागतात.

मित्राला मी सांगितलं, कोलंबिया पुलानं जा, गर्दी कमी, आणि कागद सगळे नीट घे. पण खरं सांगायचं तर आजीकडून मला जे कळलं ते त्याच्या कामाचं नाही. कुठून जायचं हे आपण नकाशात शोधतो. आजीच्या घरच्यांना ते नाक्यावरच्या माणसानं सांगितलं होतं, आणि तो स्वतः मात्र कुठूनच पार होऊ शकला की नाही, ते कळायला मार्ग नाही.

गेल्या दिवाळीला मी मुद्दाम हिंगोलीवरून गेलो. पुलावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो. खाली नदीत बऱ्यापैकी पाणी होतं. घरी पोचलो तर प्रश्न आलाच.

"नाक्यावरून आलो आजी."

"कोनी अडवलं नाई ना?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग पाणी दिलं.