सापांची नावे

गेल्या दिवाळीत नायगावला आमच्या ओसरीवर एक विलायती मनोवैद्य अवतरले. पुतण्याने पुण्याहून आणलेले खेळाचे जुने यंत्र टीव्हीला जोडले आणि 'सायलेंट हिल : शॅटर्ड मेमरीज' हा २००९ सालचा भुताखेतांचा व्हिडिओ गेम लावला. बर्फात हरवलेल्या लेकीला शोधणारा बाप, त्याच्या मागे लागलेल्या ओंगळ आकृती, हे सारे ठरीवच. परंतु मधूनमधून हे वैद्यबुवा समोर बसतात आणि खेळणाऱ्यालाच प्रश्न विचारतात. मैत्री चटकन जुळते काय? या घराच्या चित्रात रंग भरा पाहू! तुमच्या उत्तरांबरहुकूम मग गावातली माणसे बदलतात, पाठलाग करणाऱ्यांची रूपे बदलतात आणि शेवटी तुमच्या स्वभावाचे टिपण हाती पडते.

"काका, खरं सांगा बरं का, त्याला कळतं," पुतण्या म्हणाला.

मैत्रीच्या प्रश्नाला मी 'होय' म्हटले. सारे घर बघत होते; दुसरे काय म्हणणार?

खेळाने खेळणाऱ्याची झडती घ्यावी, ही कल्पना पुतण्याला अगदी नवी वाटते. आपल्याकडे मात्र ती मोक्षपटात केव्हाची आहे. परंपरा हा पट ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते. पाहायला मिळणारे पट त्यांच्या पुष्कळ नंतरचे. जैनांचा पट बहुधा ८४ घरांचा, वैष्णवांचा ७२ घरांचा. कवड्या टाकायच्या नि जन्मापासून मोक्षाकडे निघायचे. शिड्या सद्गुणांच्या, साप काम, क्रोध, लोभ यांचे. पुण्याच्या वा. ल. मंजुळांनी मोक्षपटांचा शोध घेतला. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या १८व्या-१९व्या शतकांतील अशा पटांवर २०१९ साली कोपनहेगनला प्रबंध लिहिला.

१९व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. आरंभी तिथेही आळसाचे फळ, काटकसरीचे फळ अशी चित्रे पटावर होती. पुढे ती गळाली नि उरले नुसते आकडे. अमेरिकेत तर १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापच काढून घसरगुंड्या घातल्या! नाव गेले, तशी खेळातली धास्तीही गेली. सापाने गिळले, याचे भय थोडे. कोणत्या सापाने गिळले, याचे भय मोठे. मोक्षपट प्रश्न विचारीत नाही, म्हणून त्याला खोटे उत्तरही देता येत नाही. घसरताना जो तो आपल्याशीच ताडून पाहतो.

आमच्या घरी होती ती माळेगावच्या जत्रेतली बाजारी सापशिडी, बिननावाची. पण आज्जीला तो कोरडा खेळ रुचत नसे. नावे तीच ठेवी. "हा लोभ. ह्याच्या तोंडी जाऊ नकोस, बाबा." अठ्ठ्याण्णवावरच्या लांबलचक सापाला ती मत्सर म्हणे.

एका नरकचतुर्दशीला मी नेमका तिथे पोचलो. त्याच सकाळी चुलतभावाच्या फुलबाज्या मी कडब्याच्या गंजीत दडवल्या होत्या, कारण त्याला माझ्यापेक्षा एक पुडा जास्त मिळाला होता. आज्जीने नाव उच्चारले नि निमूट माझी सोंगटी खाली नेली. तिला काही ठाऊक नव्हते, असे मी अजून मानतो. माझे कान मात्र तापले. पुढचे दान टाकवेना.

पाडव्याला फुलबाज्या काढल्या, तर दवाने सर्द झालेल्या, एकही पेटेना. मी त्या परत गंजीत खुपसल्या. चुलतभाऊ आता हैदराबादेला असतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, फराळाची चौकशी होते. फुलबाज्यांचे मी त्याला अजून सांगितलेले नाही.