निवृत्त तलाठ्यावर दिवाणी दावा लागला तर वकिलाचा खर्च कोणाचा? जाणून घ्या नियम

तलाठी निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि घरी कोर्टाचं समन्स आलं. दावा जुन्या फेरफार नोंदीचा. आता वकील सरकार देणार, की पेन्शनमधून पैसे घालायचे? निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक यांच्यापुढे असा प्रश्न उभा राहतो. दावा लावणाऱ्या शेतकऱ्यानेही हे समजून घ्यावं, कारण सरकारी वकिलाची फी शेवटी जनतेच्या पैशातूनच जाते.

काम कोणत्या नात्याने केलं?

माणूस आज खुर्चीवर आहे का, यापेक्षा ते काम पदाच्या नात्याने केलं होतं का, हे आधी बघितलं जातं. नोंद मंजूर करणं, पंचनामा करणं ही पदाची कामं. भाऊबंदकीचा वाद किंवा उसनवारी यासाठी सरकार वकील देत नाही.

दावा लावण्याआधी

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या कलम ८० नुसार, पदाच्या नात्याने केलेल्या कामाबद्दल दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. फारच तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येतो. अशा दाव्यात सरकारलाही पक्षकार करावं लागतं.

सरकारी वकील कधी मिळतो?

संहितेच्या आदेश २७ मध्ये याची पद्धत आहे. सरकारने बचाव आपल्याकडे घ्यायचं ठरवलं, की सरकारी वकील तसा अर्ज कोर्टात देतो. अर्ज आलाच नाही, तर दावा दोन खासगी माणसांतल्यासारखा चालतो. मात्र निकाल लागून हुकूमनामा होण्याआधी प्रतिवादीला अटक किंवा मालमत्तेची जप्ती करता येत नाही. म्हणजे सरकारी वकील आपोआप मिळत नाही, खात्याकडे मागावा लागतो.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी गृह मंत्रालयाचं ८ जानेवारी १९५९ चं परिपत्रक आहे. खासगी माणसाने कर्तव्याबद्दल केस केली आणि बचाव करणं लोकहिताचं वाटलं, तर सरकार खर्च उचलू शकतं. कर्मचाऱ्याने स्वतः केस लढवली आणि निकाल त्याच्या बाजूने लागला, तर वाजवी खर्च परत मिळू शकतो. सरकारनेच कर्मचाऱ्यावर केस केली असेल तर मदत नाही.

भरपाई कोणाच्या खिशातून?

१९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अधिकाऱ्याने मनमानी करून नागरिकाला त्रास दिला असेल तर भरपाई आधी खात्याने द्यावी आणि नंतर जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी. म्हणजे सरकारी वकील मिळाला तरी वसुलीची भीती राहतेच.

समन्स आल्यावर काय करावं?

१) तारीख वाचा. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण साधारण ९० दिवसांपर्यंतच.
२) ज्या कार्यालयात काम केलं, तिथे लगेच लेखी अर्ज द्या. सोबत समन्स व दाव्याची नक्कल जोडा आणि पोच घ्या.
३) सरकारला विचारायला वेळ हवा असेल तर तसा अर्ज कोर्टात द्या.
४) जुन्या आदेशांच्या, नोंदवहीच्या नकला मिळवा.
५) खात्याने नाही म्हटलं, तर तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. दावा लावणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच दरवाजा उघडा आहे.

समन्स घरात ठेवून गप्प बसू नका. हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी लागू शकतो.