हॅननच्या तासाचे खंडन

मुंबई, पुणे किंवा मडगावात पियानो शिकणाऱ्या मुलाच्या पिशवीत बहुधा तीन पुस्तके असतात: परीक्षेच्या रचनांचे, स्केल्सचे आणि हॅननचे. पहिली दोन परीक्षेला लागतात. तिसऱ्याबद्दल परीक्षक चकार शब्द विचारत नाही, तरी रोजच्या सरावाचा आरंभ त्यानेच होतो आणि पुष्कळदा सगळा वेळ त्यातच जातो. आधी बोटे तयार करावीत, बोटे तयार झाली की संगीत त्यांत आपोआप उतरते, असा यामागचा समज आहे. शिक्षकांकडून पालकांकडे आणि पालकांकडून मुलांकडे तो इतका बिनबोभाट चालत आला आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. तो मागण्याची वेळ आली आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. शार्ल-लुई हॅनन (१८१९-१९००) हा उत्तर फ्रान्समधील बुलोन-स्युर-मेर येथला ऑर्गनवादक आणि शिक्षक. त्याचे ‘ल पियानिस्त व्हिर्त्युओज’ हे साठ व्यायामांचे पुस्तक १८७३ साली निघाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पाचही बोटे सारखीच तयार असली तर पियानोसाठी लिहिलेले काहीही वाजवता येईल, मग कुठल्या पट्टीवर कुठले बोट एवढाच प्रश्न उरेल. म्हणून बोटे उंच उचला, प्रत्येक स्वर सुटा वाजवा, मेट्रोनोमवर ६० पासून १०८ पर्यंत लय चढवा. पुस्तक हातात बसले की सगळे साठ व्यायाम वाजवायला तासभर पुरतो, असा हिशेबही त्याने देऊन ठेवला.

या मताचे साक्षीदार लहानसहान नाहीत. रशियातील संगीतशाळांत विद्यार्थी पहिली पाच वर्षे हॅननचे पुस्तक वापरतात आणि तांत्रिक परीक्षेत नापास झालेल्याला पुढे जाता येत नाही, असे खुद्द रख्मानिनॉव्हने विसाव्या शतकाच्या आरंभी एका मुलाखतीत सांगितले होते. थर्ड्स, सिक्स्थ्स, ऑक्टेव्ह, ट्रेमोलो यांवर आपण रोज चार-पाच तास घालवतो, असे विशीतल्या लिस्टने मे १८३२ च्या पत्रात लिहिले. बेथोव्हनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू असलेल्या चेर्नीने (१७९१-१८५७) तर व्यायामांच्या वह्यांमागून वह्या छापल्या.

हा पक्ष तीन गृहीतांवर उभा आहे. बोटांना ताकद कमवावी लागते, हे पहिले. पाचही बोटे समान करता येतात आणि करावीत, हे दुसरे. व्यायामात कमावलेले रचनेत आपसूक उतरते, हे तिसरे.

पहिले गृहीत शरीररचनेपुढे टिकत नाही. हल्लीच्या ग्रँड पियानोची पट्टी हळूच खाली जायला सुमारे ५० ग्रॅम वजन पुरते आणि ती जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. सहा वर्षांच्या मुलाच्या करंगळीलाही एवढे जमते. मोठ्या आवाजाला जास्त जोर लागतो हे खरे. पण हातोडी तारेवर किती वेगाने आदळते त्यावर आवाज ठरतो, आणि तो वेग द्यायला मनगट, कोपर, खांदा सगळे मदतीला असतात. शिवाय ज्यांत ताकद भरायची ते स्नायू बोटांत नसतातच. बोटे वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, काही छोटे तळहातात. बोटांपर्यंत पोहोचतात त्या कंडरा. बोट मुद्दाम उंच उचलून आपटले की उचलणारे आणि वाकवणारे स्नायू एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि हात भरून येतो. विद्यार्थी त्या थकव्यालाच ताकद येत असल्याची खूण समजतो. स्टाइनहाउझेन या जर्मन डॉक्टरने १९०५ साली पियानोशिक्षणातील शारीरिक चुकांवर पुस्तक लिहून नेमक्या याच सवयीवर हल्ला चढवला. अमेरिकेत ओटो ओर्टमनने वादनाच्या हालचाली प्रयोगशाळेत मोजल्या आणि १९२९ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. म्हणजे खंडनाची सामग्री शतकभर हाताशी आहे.

दुसरे गृहीत अधिक घातक आहे. वाचकाने आताच एक करून पाहावे: मध्यमा आत दुमडून हात टेबलावर ठेवा, बाकीची बोटे टेकवा आणि एकटी अनामिका उचला. ती उचलत नाही. हातामागच्या कंडरा आडव्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि अनामिका दोन्ही बाजूंनी जखडलेली असते. हा रचनेचा भाग आहे, आळशीपणाचा दोष नव्हे. तरीही एकोणिसाव्या शतकाने अनामिकेशी वैर धरले. लोगिअर या संगीतशिक्षकाने १८१४ साली हात एका चौकटीत धरून ठेवणाऱ्या ‘कायरोप्लास्ट’ यंत्राचे पेटंट घेतले. त्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काही शस्त्रवैद्यांनी वादकांच्या अनामिकेचे हे दुवे चक्क कापले. रॉबर्ट शूमनने बोटासाठी एक यांत्रिक साधन वापरले आणि १८३२ च्या सुमारास त्याचा उजवा हात वादनातून बाद झाला. त्या इजेचे कारण काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पुढे शूमनने घेतलेली भूमिका स्वच्छ आहे. १८५० साली तरुण संगीतकारांसाठी लिहिलेल्या नियमांत त्याने स्केल्स मन लावून वाजवायला सांगितले, आणि तासन्‌तास यांत्रिक व्यायामाने सर्व साधेल असे मानणाऱ्यांची थट्टा केली.

खरे उत्तर शोपँने दिले. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या अध्यापन-टिपणांत तो सांगतो की प्रत्येक बोटाची घडण वेगळी, म्हणून त्याचा नादही वेगळा. हा वेगळेपणा पुसून टाकू नये, वापरावा. म्हणून तो शिष्याचा हात आधी पांढऱ्या पट्ट्यांवर सपाट ठेवत नसे. अंगठा ‘ई’ वर, मधली तीन लांब बोटे तीन काळ्या पट्ट्यांवर आणि करंगळी ‘बी’ वर अशी ठेवण तो देई. त्यात हाताला आपला नैसर्गिक आकार सापडतो. स्केल शिकवताना तो बी मेजरपासून सुरुवात करी आणि सी मेजर शेवटी घेई, कारण वाचायला ती सर्वांत सोपी असली तरी हाताला सर्वांत अवघड. दिवसाला तीन तासांहून जास्त सराव शिष्यांनी करू नये, असाही त्याचा आग्रह असे.

आता तिसरे गृहीत. हॅननचे पहिले वीस व्यायाम उघडून पाहा. बहुतेक विद्यार्थी त्यांपुढे जातच नाहीत. सगळे सी मेजरमध्ये, एकही काळी पट्टी नाही. दोन्ही हात एका ऑक्टेव्हच्या अंतराने तोच आकृतिबंध समांतर वाजवतात. बोटांखालून अंगठा घालण्याची हालचाल, जी स्केलमधली खरी अडचण, तिथे कुठेच नाही. कॉर्डमधला वरचा स्वर पुढे आणणे नाही, दोन हातांची भिन्न लय नाही, वाक्याचा श्वास नाही. यातून मोझार्ट कसा उतरावा? थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ सालीच दाखवले की एका कामात मिळवलेली सुधारणा दुसऱ्या कामात जाते ती दोहोंतल्या समान घटकांपुरतीच. १९७९ साली शे आणि मॉर्गन यांचा हालचाली शिकण्यावरचा प्रयोग आला. एकच हालचाल ओळीने पुन्हापुन्हा करणारे सरावाच्या वेळी सरस दिसले. पण नंतर तपासले तेव्हा हालचाली आलटूनपालटून करणारेच पुढे होते. हॅननचा तास मनाला समाधान देतो तो याच कारणाने: पंधराव्या फेरीत हात सफाईने फिरतो. दुसऱ्या दिवशी किती उरले, हे कोणी पाहत नाही.

पियानोवरचाच पुरावा हवा असेल तर ड्यूक, सिमन्स आणि कॅश यांचा २००९ चा अभ्यास आहे. सतरा प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोतील छोटा तुकडा शिकायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोण चांगले वाजवेल हे सरावाच्या वेळेवरून किंवा फेऱ्यांच्या संख्येवरून सांगता येत नव्हते. उत्तम वाजवणारे चूक होताच थांबत, नेमकी जागा पकडत, लय उतरवून ती दुरुस्त करत आणि मगच पुढे जात.

यावर शंका येईल: मग रख्मानिनॉव्ह आणि लिस्ट यांचे काय? रशियन शाळांत निवडलेली मुले येत, आणि हॅननच्या जोडीला त्यांना हार्मनी, श्रवण आणि भरपूर संगीत मिळे. जे तिथे गाळले गेले त्यांच्या मुलाखती कोणी घेतल्या नाहीत. लिस्टचे ते पत्र तर नेहमी अर्धेच सांगितले जाते. त्याच पत्रात तो होमर, बायबल, प्लेटो, बायरन वाचत असल्याचे आणि बाख, बेथोव्हन, मोझार्ट, वेबर यांचा अभ्यास करत असल्याचे लिहितो. चार तास व्यायाम करणारा तो माणूस उरलेल्या वेळात काय करत होता, हे सोडून त्याचे अनुकरण करणे म्हणजे अर्धी साक्ष मानणे.

धोक्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर (१९२८-२०२०) ऐन उमेदीत असताना १९६४ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली. फोकल डिस्टोनिया असे या विकाराचे नाव. व्यावसायिक वादकांत सुमारे शंभरात एकाला तो होतो असा अंदाज आहे. फ्लायशर तीसेक वर्षे मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिला आणि नव्वदच्या दशकात दोन्ही हातांनी परतला. अतिसरावालाच तो स्वतः दोष देत असे. या विकाराचे खापर एकट्या हॅननवर फोडणे अन्याय होईल. पण ताणलेल्या हाताने तीच हालचाल शेकडो वेळा करणे आणि दुखले तरी न थांबणे ही जोखीम डॉक्टर मान्य करतात, आणि हॅननचे पुस्तक आंधळेपणाने वापरले की नेमके तेच घडते.

मात्र हे खंडन ऐकून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांशीही माझा वाद आहे. व्यायाम सगळेच फेकून द्या, तंत्र रचनेतूनच येईल, असे म्हणणारे आता कमी नाहीत. त्यांनी इतिहास नीट वाचलेला नाही. बाखने १७२३ च्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या आरंभीच उद्देश लिहून ठेवला: दोन स्वतंत्र स्वरधारा स्वच्छ आणि गाते वाजवायला शिकणे. शोपँ शिष्यांकडून क्लेमेंटीचे व्यायाम करून घेई. ब्राम्सने ५१ व्यायाम १८९३ साली प्रसिद्ध केले. दब्युसीने १९०८ साली ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’मध्ये क्लेमेंटीच्या पाठांची टिंगल केली, आणि त्यानेच १९१५ मध्ये बारा एत्यूद लिहून शोपँच्या स्मृतीला वाहिले. शिवाय एखाद्या रचनेत थर्ड्सची अवघड ओळ दोनदाच येते. तेवढ्या भेटीत ती हातात बसणार नाही. ती बाहेर काढून घोटावीच लागते. घोटणे म्हणजे व्यायामच.

मग माझा पक्ष काय? व्यायामाचा जन्म संगीतातल्या अडचणीतून व्हावा आणि अडचण सुटली की त्याने निवृत्त व्हावे. शोपँचा ओपस १० मधला दुसरा एत्यूद पाहा. मध्यमा, अनामिका, करंगळी क्रोमॅटिक स्केल वाजवतात आणि त्याच हाताचा अंगठा व तर्जनी कॉर्ड छेडतात. अनामिकेला बळ देण्याचा हट्ट तिथे नाही; लांब बोटांनी एकमेकांवरून सरकण्याची युक्ती आहे आणि ती शिकताना कान जागा ठेवावा लागतो. पियानोवादक कॉर्तोने शोपँच्या आपल्या आवृत्तीत हेच केले: प्रत्येक अवघड जागेतूनच तिचे व्यायाम काढले.

आपल्याकडच्या गायक-वादकांना हे नवे वाटू नये. भूपाचा पलटा मध्यम आणि निषाद टाळूनच चालतो. म्हणजे गळ्याची तयारी होताना रागही घोटला जातो. तबल्यातल्या कायद्याचे पलटे त्याच कायद्याच्या बोलांतून निघतात. हॅननच्या पहिल्या वीस व्यायामांत अशी कुठल्याच संगीताची बांधिलकी नाही, हाच त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप.

प्रत्यक्षात हे असे करता येईल. मोझार्टच्या के. ५४५ सोनाटाच्या पहिल्या भागात पाचव्या मापापासून उजव्या हाताला स्केल्स येतात. मूल तिथे अडखळते ते बहुधा अंगठा खालून जाताना. मग अंगठ्याच्या आसपासचे चारच स्वर घ्यावेत. ते आधी सावकाश, मग वेगवेगळ्या लयीत, मग जी आणि डी मेजरमध्ये वाजवावेत. पाच मिनिटांत मूळ ओळीकडे परतावे आणि फरक कानाने तपासावा. स्केल्स आणि अर्पेजिओ रोज थोडे, पण दर दिवशी वेगळ्या मेजर-मायनरमध्ये, कधी हळुवार तर कधी ठासून. हॅनन घ्यायचाच असेल तर त्याचा शेवटचा भाग घ्यावा. ट्रिल, थर्ड्स, ऑक्टेव्ह तिथे आहेत, आणि ते खऱ्या संगीतात भेटतात.

पालकांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. रॉयल स्कूल्स या परीक्षा-मंडळाच्या समोरासमोर होणाऱ्या ग्रेड परीक्षेत एकूण १५० गुणांपैकी ९० तीन रचनांना, २१ स्केल्स-अर्पेजिओंना, २१ पाहताक्षणी वाजवण्याला आणि १८ श्रवणाला आहेत. हॅननला शून्य. मुलाच्या रोजच्या तासाची वाटणी या प्रमाणात आहे का, ते पाहावे. नसेल तर शिक्षकांना एवढेच विचारावे: हा व्यायाम कोणत्या रचनेतल्या कोणत्या जागेसाठी आहे? उत्तर मिळाले तर तो जरूर करावा. मिळाले नाही तर पुस्तक मिटावे. आणि हात दुखू लागला तर उत्तर मिळाले असले तरीही थांबावे.