औंधचे सूर्यनमस्कार आणि प्राचार्यांचं गहाण घर

आजचा विषय आहे शाळेतला पीटीचा तास, आणि त्यासाठी आपल्याला जायचंय औंधला. पुण्यातलं औंध नाही हं, जिथे आम्ही आयटीवाले भाड्याने राहतो. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं.

स्वातंत्र्याआधी हे एक छोटं संस्थान होतं. गावं फक्त 72, आणि तीही एका जागी नाहीत. काही साताऱ्यात, आटपाडीचा तुकडा आजच्या सांगली जिल्ह्यात, तर काही गावं थेट विजापूरकडे. 1909 साली गादीवर आले भवानराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे आणि व्यायामाचं तर वेडच होतं.

गंमत म्हणजे आधी त्यांचा व्यायाम विलायती होता. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. त्याच्या पद्धतीने बाळासाहेबांनी बरीच वर्षं मेहनत केली. मग ते सगळं बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले, ते कायमचे. आणि एकट्यापुरते ठेवले नाहीत. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार रोजचे आणि सक्तीचे केले. या विषयावर पुस्तकं लिहिली. 1938 साली तर त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं होतं.

आता यातला हिशोब बघा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की ही गोष्ट स्केल होते का? क्रिकेटला बॅट लागते, फुटबॉलला मैदान, मल्लखांबाला खांब आणि उस्ताद. सूर्यनमस्काराला लागते सतरंजीएवढी जागा. माणदेशाच्या कडेचा हा दुष्काळी मुलूख, तिजोरी लहान. तिथे शंभर पोरांना एकाच वेळी, फुकटात व्यायाम मिळू शकतो असा हा पर्याय होता. आणि त्यात कुणी हरत नाही. वर्गातला सगळ्यात किडकिडीत पोरगा आणि सगळ्यात दणकट पोरगा एकाच ओळीत उभे.

म्हणजे औंधने पाया घातला, प्रत्येकासाठी. पण पुढे काय? ज्याच्या अंगात खरंच खेळ आहे, त्याने शाळा संपल्यावर कुठे जायचं? याचं उत्तर शोधायला औंधहून शेजारच्या कराड तालुक्यात जाऊ.

कराडजवळचं गोळेश्वर. तिथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरचीच. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं आणि मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. शाळेतून कॉलेजात जाणारा खेळाडू म्हणतात तो हाच.

कॉलेजात असताना, 1948 साली, खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आपल्याकडची कुस्ती मातीतली. समोरच्याची पाठ जमिनीला लावली की चितपट, विषय संपला. तिकडे गादी, गुणांचा हिशोब, घड्याळाची वेळ. असल्या नियमांत पहिल्यांदाच उतरून हा पठ्ठ्या फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. निवड झाली, पण जायला पैसे नाहीत. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ओळखीच्यांनी मदत केली, तरी रक्कम जमेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि 7,000 रुपये उभे केले. परत वाचा हे वाक्य. विद्यार्थी स्पर्धेला जावा म्हणून प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं.

23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसा जमवला आणि खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. पुढचं वैयक्तिक पदक यायला मात्र 1996 उजाडलं, लिअँडर पेसचं. मध्ये 44 वर्षं गेली.

आपण ही गोष्ट नेहमी त्यागाची म्हणून सांगतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. मला ती वेगळी दिसते. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममध्ये एक पायरीच नव्हती आणि एका माणसाने तिथे स्वतःची पाठ लावली. खर्डेकर सर ग्रेटच. पण ज्या कॉलेजात खर्डेकर नव्हते, तिथल्या खाशाबाचं काय झालं? त्याचं नाव आपल्याला माहीतच नाही, कारण तो निघालाच नाही.

अमेरिकेत ही पायरी नियमांनी बांधलेली आहे. तिथली कॉलेज खेळांची संघटना, एनसीएए, 1906 पासून आहे. वरच्या विभागात खेळायचं तर हायस्कूलमध्येच ठरावीक 16 मुख्य अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात, म्हणजे नववीपासूनच अभ्यास आणि खेळ यांची सांगड घालावी लागते. खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते. त्यातही पैशाचा बाजार आहे, दुखापती आहेत आणि बहुतेक पोरं वरपर्यंत पोचतही नाहीत. पण निदान जिना कुठे आहे ते दिसतं.

आपल्याकडे काय आहे? दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण, क्रीडा प्रबोधिनी, आणि 2020 पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा. वाईट नाही हे. पण गुण आणि नोकरी म्हणजे खेळ सोडल्यानंतरचं बक्षीस. खेळत असतानाच्या चार वर्षांचं काय? मी बीटेक करताना आमच्या बॅचमध्ये एक कबड्डीपटू होता. विद्यापीठाची मॅच आणि प्रॅक्टिकलचं सबमिशन एकाच दिवशी आलं. विभागात कुणी तारीख हलवली नाही. तो सबमिशनला आला. त्यानंतर त्याने बूट काढले ते काढलेच.

तरी आशा आहे. औंध संस्थानाचा आटपाडीचा तुकडा आठवतोय ना? त्याच आटपाडी तालुक्यात करगणी नावाचं गाव आहे. तिथले सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले आणि त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. पुढे ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि खेळही सोडला नाही. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. इंजिनिअरिंग आणि मैदान एकाच माणसात राहू शकतात, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. औंधच्या बाळासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी व्यायाम वेळापत्रकात घातला, तेव्हा तो एखाद्या मास्तरांच्या मर्जीवर राहिला नाही. खर्डेकर सरांचं मनही तसंच वेळापत्रकात यायला हवं. स्पर्धेला गेलेल्याची हजेरी धरायची, परीक्षा नंतर घ्यायची, प्रवासखर्च कॉलेजच्या बजेटमध्ये आधीच लिहून ठेवायचा. यात घर गहाण ठेवण्यासारखं काहीच नाही, एक परिपत्रक पुरे.

तुमच्या कॉलेजात असा लेखी नियम आहे का? ऑफिसात जाऊन विचारा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. तोवर रामराम!