माईंचा आकार : मोगूबाई कुर्डीकर, गायिका आणि गुरू

मी चेरीतालहून बोलतेय, आपल्या नेहमीच्या खोलीतून. खिडकीबाहेर ऑटोवाल्यांची वेळ आहे, त्यामुळे मधूनमधून हॉर्न ऐकू येतील. तेवढे सांभाळून घ्या.

मागच्या भागात आपण लिली लेमान या जर्मन गायिकेची गोष्ट ऐकली. ज्यांचा तो भाग राहिला असेल त्यांच्यासाठी थोडी उजळणी करते. लिलीचा जन्म १८४८ सालचा. ती सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या आवाजातल्या सर्वांत उंच पट्टीची गायिका. तिची आई स्वतः गायिका होती. पुढे प्रागच्या नाट्यगृहात हार्प वाजवून तिने लिली आणि मारी या दोन मुलींना एकटीने वाढवले आणि त्यांचा गळाही तिनेच तयार केला. १८७६ साली वाग्नरच्या बायरॉइट महोत्सवाचे पहिले वर्ष होते, तिथे लिली गायली. १८८५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये गेली. १९०२ साली तिने गायनकलेवर पुस्तक लिहिले. कोणता स्वर लावताना तो डोक्यात, टाळूत, छातीत कुठे जाणवतो याच्या आकृत्या त्यात आहेत. गाणे कमी केल्यावर ती शिकवत राहिली आणि १९२९ साली गेली.

तो भाग पाहून बेळगावहून एका काकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, आपल्याकडे अशी कोण? स्वतः मोठी गायिका आणि दुसऱ्यांचा गळा घडवणारी?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हटले, मोगूबाई कुर्डीकर. म्हणून आजचा भाग त्यांच्यावर.

आधी एक फरक समजून घेऊ. युरोपात आवाज घडवणारा शिक्षक वेगळा असतो, भूमिका बसवून घेणारा वेगळा, भाषेचे उच्चार पाहणारा वेगळा. आपल्याकडे हे सगळे एकाच माणसाकडे. राग, बंदिश, लय, दमसास, आवाजाचा लगाव, सगळे गुरूने द्यायचे. "गळा तयार करणे" हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो, पण त्याचा वेगळा तास नसतो. समोर बसून, गुरूच्या तोंडाकडे पाहत तो तयार होतो. म्हणून आपल्याकडच्या गुरूचे मोठेपण त्यांच्या शिष्यांच्या गळ्यात शोधावे लागते.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. आई जयश्रीबाई गायच्या, पण त्यांना स्वतःला पुरेशी तालीम मिळाली नव्हती. देवळांच्या सेवेत पिढ्यान्पिढ्या गाणाऱ्या घराण्यांतला तो काळ. त्या बायकांचे गाणे सगळ्यांना हवे असे, त्यांना मान द्यायला मात्र कोणी तयार नसे. जयश्रीबाईंनी ठरवले होते की आपल्याला जमले नाही ते मुलीला मिळायला हवे. मुलीला त्यांनी एका नाटक मंडळीत घातले. १९१४ साली जयश्रीबाई गेल्या. मोगूबाई तेव्हा जेमतेम दहा वर्षांच्या.

पुढची काही वर्षे वणवणीची. सातारकर स्त्री संगीत मंडळी ही बायकांचीच नाटक कंपनी होती. तिथे त्यांनी भूमिका केल्या, पदे म्हटली, नृत्यही शिकल्या. मग तीही कंपनी सुटली. १९१९ च्या सुमारास त्या सांगलीत होत्या आणि घरात रियाज चालत असे. त्याच वेळी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. रस्त्याने जाताना त्यांच्या कानावर हा आवाज पडला, ते घरात आले आणि शिकवू लागले. हे कोण आहेत याचा त्या मुलीला सुरुवातीला पत्ताही नव्हता, असे सांगतात.

अल्लादिया खाँ म्हणजे जयपूर घराण्याची गायकी घडवणारे, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. आता आपल्या मध्य प्रदेशाशी जोडलेली एक गोष्ट. तरुणपणी ते माळव्यात, रतलामकडच्या आमलेटा संस्थानात होते. तिथल्या राजाला त्यांच्या गाण्याचा इतका नाद लागला की त्यांना दिवसचे दिवस गावे लागले. गळा बसला तो बसलाच. पुष्कळ काळाने आवाज परतला, पण पहिल्यासारखा नाही, जडावलेला. खाँसाहेबांनी मग जे उरले त्यातूनच गाणे उभे केले. आवाजाच्या गोडव्यावर विसंबता येत नव्हते, म्हणून लयीशी गुंफलेली, वळणे घेत जाणारी, अवघड रागांची गायकी तयार झाली. जयपूरच्या गाण्याचा डौल ऐकताना त्यामागे हा बसलेला गळा आहे, हे मी मुलांना नेहमी सांगते.

सांगलीतली तालीम दीडेक वर्ष चालली आणि खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाई त्यांच्या मागोमाग १९२२ च्या सुमारास मुंबईत आल्या. पण गुरू लगेच मिळाले नाहीत. खाँसाहेब इतरांना शिकवण्यात गुंतलेले होते. मधल्या काळात त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, तीही तालीम तुटली. अखेर १९३४ साली अल्लादिया खाँनी त्यांना पुन्हा पदराखाली घेतले, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत ती तालीम चालू राहिली. सांगलीतल्या पहिल्या धड्यापासून मोजा. पंचविसेक वर्षे होतात. आज तीन महिन्यांच्या शिकवणीनंतर पालक मला विचारतात, "मॅडम, स्टेजवर कधी?" तेव्हा ही पंचवीस वर्षे माझ्या डोळ्यांपुढे येतात.

मधल्या वर्षांत संसारही झाला. माधवदास भाटिया यांच्याशी लग्न झाले, तीन मुले झाली. थोरली किशोरी. १९३९ साली माधवदास गेले आणि सगळे ओझे मोगूबाईंवर आले. मैफली करायच्या, शिकवण्या करायच्या, स्वतःची तालीम चालू ठेवायची आणि तीन लेकरे वाढवायची. प्रागमध्ये हार्प वाजवणारी लिलीची आई मला इथे आठवते.

आता त्या शिकवायच्या कशा, ते पाहू. शिष्यमंडळी त्यांना माई म्हणत. किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितले आहे की माई एखादी जागा दोनदा गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. वही उघडायची नाही, कान उघडायचे. आईच्या मागे तंबोरा धरून बसायचे, तेही शिक्षणच. ऐकायला हे कठोर वाटते. पण विचार करा. जी गोष्ट तिसऱ्यांदा मिळणार नाही, ती मूल पहिल्याच वेळी जीव ओतून ऐकते.

जयपूर घराण्यात भर आकारावर. तोंड मोकळे उघडून, "आ" हा उच्चार न चिरडता, न दाबता, न नाकात नेता स्वर लावायचा. त्यात लय मध्यम, म्हणजे संथ ख्यालात मिळते तशी उसंत नाही. श्वास कुठे घ्यायचा हे तालाच्या मात्रांशी जुळवावे लागते. समेवर येताना दम उरला नाही तर सगळी इमारत कोसळते. माईंची लयीवरची पकड अशी की त्या काळचे तबलजीही वचकून असत. म्हणजे त्या मुलींना राग शिकवत, आणि त्याच वेळी श्वास कसा खर्चायचा तेही शिकवत. लिलीने ज्याच्या आकृत्या काढल्या ते माईंनी समोर बसवून गळ्यात उतरवले. किशोरी आमोणकर, पद्मा तळवलकर, कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, बबनराव हळदणकर, अरुण द्रविड ही त्यांच्याकडे शिकलेली माणसे. यातले कोणीही ऐका, आकार ओळखू येतो. आणि तरी कोणाचेही गाणे दुसऱ्याची नक्कल नाही. लेकीला माईंनी इतर गुरूंकडेही पाठवले. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे किशोरीताई शिकल्या त्या आईच्याच इच्छेने.

ऐन तारुण्यात किशोरीताईंचा आवाज गेला. काही वर्षे त्यांना गाता येईना. आयुर्वेदाच्या उपचारांनी तो परत आला. गुरूंच्या गुरूंवर जे आमलेट्यात गुदरले तेच तिसऱ्या पिढीत. त्या मुक्या काळात किशोरीताईंनी गाण्याचा नव्याने विचार केला, आणि नंतरचे त्यांचे गाणे आईपेक्षा वेगळ्या वाटेने गेले. सिनेमासाठी गाणे गायल्या तेव्हा मात्र माईंनी बजावले होते की हाच मार्ग धरायचा असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावू नकोस. किशोरीताई हा किस्सा स्वतः सांगत. त्यात राग किती होता आणि भीती किती, हे मला नेहमी जाणवते. या बाईंनी प्रतिष्ठा फार महागात मिळवली होती.

त्या प्रतिष्ठेबद्दल थोडे. आईबरोबर मैफलींना जाताना लहानपणी काय पाहिले तेही किशोरीताईंनी सांगून ठेवले आहे. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कोणाच्या तरी घरात कशीबशी राहण्याची सोय, हातावर टेकवलेली तुटपुंजी बिदागी. पुढे किशोरीताई आयोजकांशी कडक वागत, लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. तो कडकपणा आईच्या त्या प्रवासांतून आला होता.

आता हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगू शकत नाही. आमच्या घरातलेच सांगते. आजी विदर्भातून लग्न होऊन जबलपुरात आली. आजोबा गाण्याचे शौकीन. रेडिओवर मोगूबाई लागल्या की घरात चिडीचूप. गाणे संपले की आजोबा म्हणायचे, "काय गाते ही बाई! तोड नाही तिला." स्तुती खरी होती. पण "गाते", "तिला". पुरुष गायकाबद्दल बोलताना तेच आजोबा "बुवा गातात", "खाँसाहेबांना" म्हणत. आजीला गाणे शिकायचे होते. घरात तिच्या दिरांना शिकवायला मास्तर येत. तिला उत्तर मिळाले, चांगल्या घरच्या बायका तबल्याबरोबर गात नाहीत. मग ती स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना, हलक्या आवाजात गायची. रेडिओवर ऐकलेली जागा घोकायची. तिला तर माईंसारखे दोनदाही नाही, एकदाच ऐकायला मिळे.

मला पहिला आकार आजीने शिकवला. तिच्या तोंडून मी मोगूबाईंचे नाव ऐकले तेव्हा ती म्हणाली होती, "त्या गातात ना, तसं तोंड उघड." आमच्या घरात मोगूबाईंना "त्या" म्हणणारी ती पहिली. सरकारनेही मान दिला. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७४ साली पद्मभूषण. आजोबांनी पद्मभूषणची बातमी वर्तमानपत्रात मोठ्याने वाचून दाखवली. आजी काही बोलली नाही. कणीक मळत राहिली.

माई १० फेब्रुवारी २००१ रोजी गेल्या. त्यांचे कुर्डी गाव त्याआधीच गेले होते. साळावली धरण झाले आणि १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेले, माणसे दुसरीकडे वसवली. तिथले जुने महादेवाचे देऊळ मात्र दगड न् दगड सुटा करून हलवले आणि धरणाजवळ पुन्हा उभे केले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात गाव वर येते. जोती दिसतात, वाटा दिसतात. पांगलेली माणसे येतात, देवाचा उत्सव करतात, आणि मोगूबाईंचे घर कुठे होते ते पोरांना दाखवतात.

मी बसले आहे त्या चेरीतालचे उलटे. इथे तळे होते, आता वस्ती आहे. राणी दुर्गावतीच्या एका दासीने ते बांधवले असे जुने लोक सांगतात. चेरी म्हणजे दासी. आधारताल राणीच्या दिवाणाच्या, आधारसिंहाच्या नावाचे. या बाईच्या वाट्याला मात्र तिचे काम तेवढे आले. रोज बसच्या पाटीवर आपण ते नाव वाचतो आणि कोण होती ती, असे विचारतही नाही.

म्हणून आज एक छोटे काम देते. माईंची ध्वनिमुद्रणे मोजकीच आहेत, पण आहेत. एक लावा, घरातल्या लहान मुलांना बरोबर घ्या. दोनदाच ऐका आणि तिसऱ्यांदा स्वतः गाऊन पाहा. मूल विचारेल, "कोण गातेय?" तेव्हा सांगा, "गातेय नाही बाळा. गातायत. मोगूबाई कुर्डीकर गातायत."

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.