गहाण पडलेली घरे

१९४४ ते १९६२ या अठरा वर्षांत कुटुंबकलहावरील जी नाटके अमेरिकन रंगभूमीवर गाजली, त्यांतील प्रतीकांविषयी विपुल लिहिले गेले आहे. काचेचा एकशिंगी घोडा म्हणजे ती अबोल मुलगी, धुके म्हणजे विस्मृती, कुंडीतले रोप म्हणजे आशा, अशी समीकरणे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली जातात. ही समीकरणे खोटी नाहीत; परंतु त्यांच्यामुळे एक साधी गोष्ट दृष्टिआड होते. या नाटकांतील कितीतरी प्रतीके घरखर्चाच्या वहीतून आलेली आहेत. विजेचे बिल, विम्याची रक्कम, घरावरील कर्ज यांचा हिशेब वाचल्याखेरीज त्या घरांतील भांडणांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत त्या देशातील कामकऱ्यांपैकी सुमारे चतुर्थांश लोक बेकार झाले. आर्थर मिलरच्या वडिलांचा कोटांचा भरभराटीचा धंदा त्या लाटेत बुडाला आणि कुटुंबाला मॅनहॅटन सोडून ब्रुकलिनमधल्या लहान घरात यावे लागले. टेनेसी विल्यम्सला सेंट लुईसमधील जोड्यांच्या कंपनीत नोकरी धरावी लागली. महायुद्धानंतर सुबत्ता आली. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरबांधणीसाठी कर्ज मिळू लागले आणि स्वतःचे घर हे यशाचे सर्वमान्य चिन्ह ठरले. भरल्या घरातील प्रेक्षकांसमोर या लेखकांनी उभी केली, ती मात्र हप्त्यांच्या ओझ्याखाली वाकलेली घरे.

विल्यम्सचे ‘द ग्लास मिनॅजरी’ डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत प्रथम झाले. स्मृतिनाट्य म्हणून ते ओळखले जाते आणि त्याच्या तरल काव्यमयतेची नेहमी वाखाणणी होते. पण त्यातील सर्वांत काव्यमय प्रवेश कसा घडतो, ते पाहावे. लॉराला पाहायला आलेला तरुण जेवून उठतो आणि घरातले दिवे जातात. दिवे जाण्याचे कारण असे, की गोदामातील नोकरीला विटलेल्या टॉमने विजेच्या बिलाचे पैसे खलाशांच्या संघाची वर्गणी म्हणून भरून टाकलेले आहेत. म्हणून मेणबत्ती लागते आणि तिच्या उजेडात लॉरा आयुष्यात प्रथमच मोकळेपणाने बोलते. त्याच उजेडात नाचताना धक्का लागून घोड्याचे शिंग मोडते. भावाच्या सुटकेची किंमत बहिणीच्या अंधाराने चुकती होते, हे सांगायला नाटककाराला वेगळे भाष्य करावे लागत नाही. ते न भरलेले बिलच सांगते.

याच लेखकाच्या १९४७ मधील ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’शी मराठी रसिकांचा परिचय विजय तेंडुलकरांच्या ‘वासनाचक्र’मुळे झाला. ब्लान्श आणि स्टॅन्ली यांच्या झगड्याचा विचार बहुधा वासनेच्या अंगाने होतो. पण त्या झगड्याचा पहिला कागदी पुरावा म्हणजे ब्लान्शच्या पेटीतील दस्तऐवजांचा गठ्ठा. पिढीजात वाडा कर्जापायी गेला, हे ती सांगते. आपल्या बायकोचा वाटा कुठे गेला, हे स्टॅन्ली विचारतो. वाड्याची कहाणी त्या गठ्ठ्यात संपते आणि ब्लान्श बहिणीच्या दोन खोल्यांत आश्रित होते.

हा हिशेब सर्वांत उघडपणे मांडला मिलरने. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को नाट्यगृहात प्रथम झाले आणि त्याचे ७४२ प्रयोग झाले. जो मील्झिनरने त्यासाठी घराचा केवळ सांगाडा उभा केला होता. त्यातून आरपार दिसे आणि भोवती उंच इमारतींची दाटी होती. विली लोमन दौऱ्यावरून परततो तेव्हा त्याची पत्नी लिंडा कमिशनची बेरीज करते, आणि मग देणी मोजू लागते: रेफ्रिजरेटरचे सोळा डॉलर, कपडे धुण्याच्या यंत्राचे नऊ डॉलर साठ सेंट. ऐकता ऐकता विलीची बढाई गळून पडते. तीस-पस्तीस वर्षे राबलेल्या या विक्रेत्याला कंपनी काढून टाकते. त्याच्या लेखी मग एकच वस्तू विकण्याजोगी उरते: वीस हजार डॉलरचा विमा उतरलेला स्वतःचा देह. पंचवीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या दफनाच्या दिवशी फिटतो. घर मोकळे झाले, आणि त्यात राहणारे कोणी उरले नाही. लिंडा जुने मोजे रफू करीत बसते आणि विलीने बॉस्टनमधील परस्त्रीला नवे मोजे दिलेले असतात. त्या मोज्यांचा डंख त्यांच्या किमतीमुळेच इतका खोल जातो.

युजीन ओनीलचे ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ हे आत्मचरित्रात्मक नाटक १९३९ ते १९४१ या काळात लिहून झाले. ते मृत्यूनंतर पंचवीस वर्षे प्रसिद्ध करू नये, अशी त्याची इच्छा होती. परंतु १९५३ मध्ये तो वारल्यावर पत्नीने ते प्रकाशित करू दिले आणि १९५६ मध्ये स्टॉकहोम येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. १९१२ मधील ऑगस्टचा एक दिवस, समुद्राकाठचे घर आणि दाटत जाणारे धुके. आईला मॉर्फीनचे व्यसन जडले, ते बाळंतपणात स्वस्तातला डॉक्टर आणल्यामुळे, असा पित्यावर आरोप आहे. क्षयी मुलालाही तो स्वस्तातल्या आरोग्यधामात पाठवू पाहतो. जमिनी मात्र विकत घेत राहतो. दिव्यावरून मुलाशी खटका उडतो, तेव्हा तो त्वेषाने झुंबरातले सारे दिवे लावतो. मग त्याच उजेडात, दहाव्या वर्षी आठवड्याला पन्नास सेंटवर कारखान्यात कसे राबलो, ते सांगतो. सांगून संपल्यावर हात पुन्हा दिवे विझवू लागतात. त्या हाताला कंजूष म्हणून हिणवणे आता प्रेक्षकाला कठीण जाते. दारिद्र्य संपले तरी त्याची भीती हाडांत उरते, आणि तिचे व्याज पुढची पिढी भरते.

लोरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’मध्ये या हिशेबाला नवे परिमाण मिळाले. ११ मार्च १९५९ रोजी ते आले. ब्रॉडवेवर आलेले कृष्णवर्णी स्त्रीचे ते पहिले नाटक. येथे वडिलांच्या मृत्यूने आलेले दहा हजार डॉलर आहेत. आई त्यातून साडेतीन हजार भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते; उरलेले मुलगा गमावून बसतो. मग वस्तीचा प्रतिनिधी येतो आणि घर घेऊ नये म्हणून जादा पैसे देऊ करतो. हे कल्पनेतून आलेले नव्हते. लेखिकेच्या वडिलांनी शिकागोत असेच घर घेतले, त्यावरून खटला झाला आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. तथापि वर्णभेदी करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा निर्णय १९४८ मध्ये लागला. म्हणून आई शेवटी कुंडीतले मरगळलेले रोप उचलून निघते, तेव्हा ते केवळ आशेचे चिन्ह राहत नाही. त्याला जमीन मिळेल काय, हा कायद्याचा आणि बाजाराचाही प्रश्न असतो.

१९६२ मध्ये एडवर्ड आल्बीच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’मध्ये ही वही मिटते. प्राध्यापकाच्या त्या घरात हप्त्याची चिंता नाही. आहे तो नवराबायकोने कल्पनेत वाढवलेला, कधीच न जन्मलेला मुलगा. इथून पुढे अमेरिकन नाटक दुसऱ्या वाटेने गेले.

मनुष्याचे सारे दुःख पैशाने मोजता येते, असा याचा अर्थ नव्हे. विलीला मुलाचे प्रेम कळत होते. कळूनही त्याचे मोल त्याला डॉलरांतच करता आले, ही खरी शोकांतिका. बदलीच्या नोकरीत सरकारी निवासस्थानात आयुष्य काढून निवृत्तीनंतरच्या घरासाठी भविष्यनिर्वाह निधीचे आकडे जुळवणाऱ्या वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही. घरासाठी माणसे झिजतात, हे तो जाणतो. हप्ते संपेपर्यंत घरात बोलण्याजोगे काय शिल्लक राहील, हा या नाटकांचा प्रश्न आहे.