बापाचे देणे

मराठी भाषेची एक गंमत मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगतो. 'देणे' हा शब्द एकच. पण एखाद्या मुलाचा गळा गोड असला की आपण 'हे देवाचे देणे' म्हणतो, आणि दारात वसुलीला माणूस येऊन बसला की 'त्याचे देणे आहे' असेही म्हणतो. एका देण्याने घर भरते, दुसऱ्याने ते रिते होते. बाप मुलाला बहुधा दोन्ही देऊन जातो. पैकी पहिल्याचे कौतुक सारे करतात. दुसऱ्याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. पाडव्याला पेठेतल्या नव्या वह्यांवर हळदकुंकू पडत असताना जुन्या वहीच्या मागच्या पानावर राहिलेल्या रकमेची आठवण काढणे काहींना अशुभ वाटेल. परंतु ते पान ज्याच्या घरात निघाले त्याला विचारा!

मी शाळामास्तर; फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. वकिलीची सनद माझ्याजवळ नाही. तरी माणसांच्या गोष्टी शोधता शोधता या देण्याच्या वाटेने मी बराच मागे गेलो, आणि तिथे जे दिसले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

आपल्या धर्मशास्त्रात ऋण ही केवळ पैशाची बाब नव्हे. देणे न फेडता मेलेल्याला परलोकातही सुटका नाही, म्हणून मुलाने बापाला त्यातून सोडवावे, अशी ती कल्पना. याज्ञवल्क्यस्मृतीने मुलगा आणि नातू दोघांवर हा भार टाकला. बृहस्पतीने त्यात तरतम केले: बापाचे देणे मुलाने व्याजासह फेडावे, आजोबांचे नातवाने नुसते मुद्दल द्यावे, आणि पणतूवर सक्ती नसावी. पिढी दूर जाईल तसे ओझे हलके व्हावे, ही त्यातली दृष्टी मला फार शहाणपणाची वाटते.

याहून शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. बापाने दारूसाठी, बाईच्या नादासाठी किंवा जुगारासाठी काढलेले कर्ज मुलाने फेडू नये. बापाला झालेला दंड, त्याने चुकवलेली जकात आणि भाटांना वगैरे दिलेली पोकळ वचने यांचाही भार मुलावर नाही, असे याज्ञवल्क्यांनी स्वच्छ सांगितले. याच स्मृतीवर चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, विक्रमादित्य सहावा राज्य करीत असताना, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ते कल्याण म्हणजे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांचे वाटणी-वारशाचे व्यवहार पुढे शतकानुशतके प्रामुख्याने या टीकेच्या आधारे चालत आले.

दुसरा आधार दामदुपटीचा. एका वेळी थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही, हा तो नियम. शंभर रुपयांवर व्याज कितीही साठो, धनकोने दोनशेच्या वर हात पसरू नये. इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी हा नियम मानला.

मग बिघडले कुठे? बिघडले ते असे, की धर्माच्या जागी हुकूमनामा आला. पूर्वी मुलगा देणे फेडी तो परलोकाच्या भीतीने आणि चार लोकांच्या लाजेने. पण ते चार लोकच धनकोलाही आवर घालीत. इंग्रजी न्यायालयाने मुलाचे कर्तव्य उचलले आणि त्याचा कायदेशीर बोजा केला. मुंबई इलाख्यात तर अशी स्थिती होती, की बापाकडून मुलाला एक पैही मिळाली नसली तरी बापाच्या देण्याचा दावा त्याच्यावर चाले. रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या मुलाला नुसता मुलगा म्हणून धरायचे! अखेर १८६६ साली मुंबई सरकारने ७ वा कायदा करून हे थांबवले. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच, असे त्यात ठरले. त्याच कायद्याने आणखी एक जाच काढला. विधवेशी लग्न करणाऱ्या पुरुषाच्या गळ्यात तिच्या पहिल्या पतीची देणी पडत, ती पडू नयेत अशी सोय झाली. ज्या कुणाला पुनर्विवाहाच्या चळवळीचा इतिहास ठाऊक आहे, त्याला या दोन ओळींचे मोल कळेल.

एवढे होऊनही शेतकऱ्याच्या घरातले देणे सरेना. १८५५ साली व्याजावरची कमाल मर्यादा सरकारने उठवली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावण्याचे बंधन घातले. हेतू ऋणकोला दिलासा देण्याचा, झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई. कालचे व्याज आज मुद्दल झाले! मग दामदुपट मोजायची ती कशावर? बाप मेला की मुलापुढेही असाच नवा कागद येई. कायदा त्याला सोडायला तयार होता. पण बापाचे नाव राखायचे म्हणून तो अंगठा उठवी, आणि त्या क्षणी बापाचे देणे त्याचे स्वतःचे होई.

त्यातच अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे चढलेले भाव कोसळले, आणि काही तालुक्यांत सारा मात्र वाढला. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे घेरली. पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतल्या इतर गावांतही हे लोण पसरले. या दंग्यांची सरकारने चौकशी केली, तेव्हा दिसून आले ते असे, की लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर अधिक होता. जिथे रोखे आणि वह्या निमूटपणे हाती आल्या तिथे सावकाराच्या अंगाला सहसा धक्का लागला नाही. वाचता न येणाऱ्या माणसांनी कागदाची होळी केली, कारण आपल्याला बांधणारा दोर तोच आहे हे त्यांना पुरते कळले होते. चौकशी समितीने कर्जबाजारीपणाची जी कारणे नोंदवली, त्यांत वाडवडिलांकडून आलेले कर्ज हेही एक होते.

याचा परिणाम म्हणजे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो झाला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा देव मानू नये, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन खरे मुद्दल शोधावे; कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये; कागद गावच्या नोंदणीदारासमोर व्हावा; पैसे दिले की पावती मिळावी, अशा त्यातल्या तरतुदी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती केली. दामदुपटीचे तत्त्व पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यातही आले.

आणि ते मूळचे पवित्र कर्तव्य? त्याला कायद्याने निरोप दिला तो अगदी अलीकडे. ९ सप्टेंबर २००५ रोजी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. त्याच कलमात असेही आहे, की त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी केवळ पवित्र कर्तव्य म्हणून मुलगा, नातू वा पणतू यांच्यावर वसुली करता येणार नाही. लेकीला वाटा मिळाला आणि लेकावरचा भार उतरला, तो एकाच दिवशी.

आता कोणी म्हणेल, मास्तर, इतिहास पुरे झाला, आजचे सांगा. तर चार वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील वारले. त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. तेराव्यानंतर एक घाऊक व्यापारी आला. वडिलांकडची उधारी चार-साडेचार वर्षांची जुनी. त्याने व्याज मिळवून एकूण रकमेची चिठ्ठी तयारच आणली होती. "नुसती सही कर, सवडीने दे," म्हणाला. मुलगा सहीला तयार झाला होता. पण त्याच्या आईने, "आधी मास्तरांना विचार," म्हणून त्याला माझ्याकडे धाडले. मी त्याला ओळखीच्या वकिलांकडे घेऊन गेलो.

वकिलांनी सांगितले ते असे: उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षे, ती टळली. मुदत टळली नसती तरी दुकानातला माल वगैरे जे वडिलांमागे हाती आले तेवढ्यापुरतेच तू बांधील. पण मुदत गेलेले देणेही फेडीन असे तू लेखी दिलेस, तर १८७२ चा कराराचा कायदा तुला त्या शब्दाने बांधतो. वडिलांच्या हयातीत तू जामीन राहिला असतास, तर गोष्ट वेगळी; जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच. एकत्र कुटुंबाच्या धंद्यात कर्त्याने केलेल्या देण्याला इतरांचा कुटुंबातला हिस्सा लागतो. मात्र ज्याने स्वतः सही केली तो स्वतःच्या कमाईनेही अडकतो.

मुलगा घरी गेला. आईने कपाटातून कालनिर्णयाची जुनी पाने काढली. त्यांच्या पाठीवर तिने कोणत्या महिन्यात किती दिले ते लिहून ठेवले होते. हिशेब केला तेव्हा मुद्दलापैकी अकरा हजार राहिले होते. "कायद्याने नको असेल," ती म्हणाली, "पण माल आपण खाल्ला आहे." व्याज नाही, फक्त मुद्दल, आणि पावती घेऊन, असे तिने ठरवले. बृहस्पतीचे नाव तिने आयुष्यात ऐकले नसेल. व्यापाऱ्याने थोडी कुरकुर केली आणि घेतले. ती पावती दुकानात, लक्ष्मीच्या तसबिरीमागे, अजून आहे.

कायद्याने तिच्या मुलाला मोकळे केले म्हणूनच तिचे देणे हे देणे ठरले. नाहीतर ती वसुली झाली असती. म्हणून या पाडव्याला नव्या वहीची पूजा कराल तेव्हा, वाचकहो, जुनीही एकदा उघडा. कोणाला काय दिले, कोणाचे काय राहिले आणि कुठे जामीन आहोत, हे घरातल्या चारचौघांना, लेकीसुनांनाही, हयातीतच सांगून ठेवा. आणि दुःखाच्या घरात कोणी तयार कागद घेऊन आला, तर त्याला चहा द्या, हिशेब मागा, आणि सही दुसऱ्या दिवशीवर टाका.